भिंतीवर चेहरा कुणाचा?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी मेक्सिकोच्या हद्दीतल्या एका बाळाच्या फोटोचा जाता जाता उल्लेख केला होता, अमेरिकेच्या कुंपणावरून डोकावणारं सत्तर फुटी बाळ, आणि त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. माझे वडील सिनेमाची पोस्टरं चिकटवायचे. रात्री सायकलला शिडी बांधून, हँडलला खळीची बादली अडकवून निघायचे आणि पहाटे परत यायचे, त्यामुळे भिंत आणि कागद हा विषय माझ्या घरचाच आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच देत नाहीये.

ताई, ते कुंपणावरचं बाळ म्हणजे नक्की काय होतं आणि ते लावणारा जेआर कोण? आमच्या चौकात दर आठवड्याला नवीन फ्लेक्स लागतो, त्याच्यावरही चेहरेच असतात ना, मग फरक काय? (बीएचा विद्यार्थी, नाशिक)

आधी बाळाचं सांगते. सप्टेंबर २०१७, मेक्सिकोतलं तेकाते नावाचं गाव. तिथे अमेरिकेची सीमा म्हणजे उंच लोखंडी कुंपण, आणि त्या कुंपणाच्या अगदी जवळच्या घरात राहणारं वर्षभराचं पोरगं, किकितो त्याचं नाव. जेआर या फ्रेंच कलाकाराने त्याचा फोटो काढला आणि भलीमोठी परांची उभी करून त्यावर तो चढवला, असा की अमेरिकेच्या बाजूने बघितलं तर वाटतं बाळ कुंपणाच्या कडेला हात टेकवून पलीकडे काय चाललंय ते बघतंय. परांची मेक्सिकोच्या जमिनीवर, म्हणून अमेरिकेकडे परवानगी मागायचा प्रश्नच नाही, पण चित्र पुरं व्हायचं ते अमेरिकेकडून बघितल्यावरच. आणि नेमक्या त्याच आठवड्यात ट्रम्प सरकारने जाहीर केलं होतं की लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या पोरांना संरक्षण देणारी योजना आता बंद. फोटोवर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, घोषणा नाही, पक्ष नाही, आणि तरी ज्याने बघितलं त्याला कळलं. महिन्याभराने, ८ ऑक्टोबरला, तो फोटो उतरवायच्या दिवशी तिथेच कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मिळून एक लांबच लांब टेबल मांडलं, टेबलावर दोन मोठे डोळे छापलेले, एक डोळा मेक्सिकोत एक अमेरिकेत, आणि लोक दोन्हीकडून एकच जेवण जेवले. बँडवालेसुद्धा निम्मे इकडे निम्मे तिकडे.

जेआर १९८३ चा, पॅरिसचा. सतराएक वर्षांचा असताना त्याला मेट्रोत कुणाचातरी विसरलेला कॅमेरा सापडला, भिंती रंगवणाऱ्या मित्रांचे फोटो काढत फिरायचा, मग त्यांच्या झेरॉक्स काढून भिंतीवर चिकटवायला लागला आणि भोवती रंगाने चौकट काढायचा. खरं नाव सांगत नाही, कायम टोपी आणि काळा चष्मा.

आता तुझा खरा प्रश्न, फ्लेक्सचा. हा प्रश्न सगळ्यांनी विचारला पाहिजे असं मला वाटतं. आपल्याकडे चौकात मोठा चेहरा म्हणजे साहेबांचा, दादांचा, भाऊंचा, वाढदिवसाचा नाहीतर निवडीबद्दल अभिनंदनाचा, आणि खाली शुभेच्छुकांचे पंचवीस छोटे चेहरे मानाप्रमाणे लहानमोठे केलेले. तो चेहरा तिथे असतो कारण त्याच्याकडे ती जागा घ्यायची ताकद आहे. चौकातून रोज जाणारी भाजीवाली, कचरा गाडीवरचा पोरगा, शाळेच्या रिक्षावाल्या मावशी, यांचा चेहरा तिथे कधी लागलाय? फार तर वारल्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीत. म्हणजे चेहरा किती मोठा हा मुद्दा नाही रे, कुणाचा आणि कुणाच्या जागेवर हा मुद्दा आहे.

ट्युनिशियाचं उदाहरण बघ. तिथे बेन अली नावाचा राष्ट्राध्यक्ष तेवीस वर्षं सत्तेवर होता आणि जिकडेतिकडे भिंतीवर त्याचाच फोटो. जानेवारी २०११ मध्ये लोकांनी त्याला पळवून लावलं. त्यानंतर तिथल्याच सहा फोटोग्राफरनी साध्या माणसांचे शंभर फोटो काढले आणि जेआरच्या टीमबरोबर ते लावले, जिथे त्या राष्ट्राध्यक्षाचा चेहरा असायचा तिथे, जळालेल्या पोलीस ठाण्यावर. आणि पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, काही ठिकाणी लोकांनी ते फोटोही फाडून टाकले. इतकी वर्षं भिंतीवरून एक मोठा चेहरा आपल्याकडे बघत होता, आता दुसरा नको, मग तो आपल्यातल्याच कुणाचा असला तरी नको, ही त्यांची भावना. ते चूक होते असं मी म्हणणार नाही. भिंत त्यांची होती, हो म्हणायचं का नाही म्हणायचं हे त्यांनी ठरवलं, आणि आपल्या चौकात आपल्याला हे कुणी विचारतच नाही.

नमस्कार ताई. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, माझे वडील १९६४ साली इकडे आले, घरात अजून मराठी आहे. २००७ साली इथे भिंतींवर फोटो लागले होते, वेडेवाकडे चेहरे केलेले, तेव्हा मी तरुण होतो. ते काय होतं नीट कधी कळलं नाही, आणि तसं काही आता होऊ शकेल का? (लोद, इस्राएल)

दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. हस्ताक्षर तर असं की आमच्या शाळेच्या बाईंची आठवण आली.

त्या कामाचं नाव फेस टू फेस, म्हणजे समोरासमोर. जेआर आणि त्याचा मार्को नावाचा मित्र असे दोघं तिथे फिरत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की दोन्हीकडची माणसं जवळजवळ एकच आयुष्य जगतात आणि एकमेकांना बघत मात्र नाहीत, बघतात ते टीव्हीवर. मग त्यांनी काय केलं, एकच काम करणारे एक इस्राएली एक पॅलेस्टिनी असे जोडीने शोधले. टॅक्सी ड्रायव्हर आणि टॅक्सी ड्रायव्हर, मास्तर आणि मास्तर, केशकर्तनवाला आणि केशकर्तनवाला. एका ठिकाणी तर रब्बी, पाद्री आणि शेख असे तिघं शेजारी शेजारी. सगळ्यांना सांगितलं की तोंडं वाकडी करा, जीभ काढा, डोळे वटारा. आणि हे जोडीजोडीने लावले, आठ शहरांत, आणि इस्राएल आणि पॅलेस्टिनी भाग यांच्या मधल्या त्या विभाजक भिंतीच्या दोन्ही अंगांना. परवानगी बिरवानगी काही नाही. जवळच्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की हे अशक्य आहे, मार खाल.

झालं असं की ते शिडी लावून चिकटवत असायचे आणि खाली माणसं जमायची, हे कोण आहेत म्हणून विचारायची. मग जेआर म्हणायचा की यातला एक तुमचा आहे आणि एक समोरच्यांचा, कोण कुठला ते तुम्हीच सांगा. आणि पुष्कळांना सांगता यायचं नाही. मला वाटतं सगळं काम त्या एका क्षणासाठी होतं. अमुक एक भाषण ऐकून माणूस आपलं मत बदलत नाही, पण स्वतःच्या शेजाऱ्याला शत्रू समजून बसलो आणि शत्रूला शेजारी, हे स्वतःच्या डोळ्यांनी झालं की आत काहीतरी हलतं.

आता होईल का, हे मी इथे बसून कसं सांगू. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या हल्ल्यात ओलीस नेलेल्या इस्राएलमधल्या लोकांचे फोटो जगभरच्या शहरांत भिंतींवर, खांबांवर लागले आणि कितीतरी ठिकाणी फाडले गेले, फाडणारे आणि लावणारे यांच्यात रस्त्यावर भांडणं झाली. दुसरीकडे गाझामध्ये मेलेल्या पोरांचे फोटो हातात धरून लोक शहराशहरात उभे राहिले, त्यांनाही शिव्या पडल्या. म्हणजे दोन्हीकडच्या मेलेल्यांचे आणि हरवलेल्यांचे चेहरे होते आणि एका बाजूचा चेहरा दुसऱ्या बाजूला बघवत नव्हता. २००७ मध्ये हसरे, जिवंत चेहरे शेजारी शेजारी लागू शकले याचं मोल मला म्हणूनच आता जास्त वाटतं. दादा, तुम्ही तेव्हा जे बघितलंत ते सविस्तर लिहून काढा, मराठीत, आम्ही छापू.

मॅडम, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गरिबांचे फोटो मोठे करून लावायचे, जगभर नाव मिळवायचं, गॅलरीत विकायचे, आणि त्या झोपडीचं छप्पर मात्र गळतंच. याला मी कला म्हणणार नाही आणि राजकारण तर मुळीच नाही. यातून बदललं काय? (निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली)

काका, राग कसला. हाच प्रश्न मलाही पडतो, वर्षानुवर्षं पडतो, म्हणून जरा लांबण लागली तरी सांगते.

पॅरिसच्या बाहेर माँफेरमेय नावाचं उपनगर आहे, तिथे ले बोस्के ही सरकारी घरांची वसाहत, जास्त करून आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची. २००४ साली जेआरने तिथल्या आपल्या मित्राचा फोटो काढला, लाज ली त्याचं नाव. त्याच्या हातात व्हिडिओ कॅमेरा आहे पण त्याने तो असा धरलाय की पहिल्या नजरेला बंदूकच वाटते, मागे पोरं उभी. तो फोटो वसाहतीच्याच भिंतीवर मोठा करून लावला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २००५, शेजारच्या क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांपासून पळणारी तीन पोरं विजेच्या सबस्टेशनमध्ये लपली आणि त्यातली दोन शॉक लागून मेली. सगळ्या फ्रान्समध्ये दंगल पेटली, तीन आठवडे गाड्या जळत होत्या. टीव्हीवाले आले, आणि जळत्या गाड्यांच्या मागे भिंतीवर दिसत होता तो फोटो.

टीव्हीवाल्यांना ती पोरं दिसत होती लांबून, मोठ्या झूमने, तोंड बांधलेली, धुरात. जेआर परत गेला ते अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स घेऊन. काका, ही लेन्स काय असते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिने चेहरा फ्रेमभर हवा असेल तर समोरच्याच्या तोंडाजवळ जावं लागतं, वीतभर अंतरावर, त्याचा श्वास लागतो इतकं. लपून काढताच येत नाही. त्याने हो म्हटलं तरच फोटो. त्या पोरांनी मुद्दाम भयंकर तोंडं केली, तुम्ही आम्हाला राक्षस समजता ना मग घ्या, आणि ते फोटो पॅरिसच्या पैसेवाल्या वस्तीत लागले, खाली पोराचं नाव, वय आणि तो कुठल्या बिल्डिंगमध्ये राहतो ते लिहून. लपणाऱ्याचा पत्ता कुणी लिहितो का? सुरुवातीला सगळं बेकायदा, आणि नंतर पॅरिसच्या महापालिकेने तेच फोटो स्वतःच्या इमारतीवर लावले. त्या मित्राचं म्हणाल तर लाज ली पुढे सिनेमा दिग्दर्शक झाला, त्याच वस्तीवरच्या सिनेमाला २०१९ मध्ये कान महोत्सवात ज्यूरीचं पारितोषिक मिळालं. फोटोमुळे झाला असं मी म्हणणार नाही, तो स्वतःच कॅमेरा घेऊन उभा होता. पण बंदूक दिसते आणि कॅमेरा असतो, ही गोष्ट त्या भिंतीने सगळ्यांच्या आधी सांगितली होती.

छपराचं म्हणालात. त्याचंही एक खरं उदाहरण आहे. केनियात नैरोबीला किबेरा म्हणून प्रचंड मोठी झोपडपट्टी आहे, २००९ साली जेआरने तिथल्या बायकांचे चेहरे आणि डोळे पत्र्याच्या छपरांवर लावले, साधारण दोन हजार चौरस मीटर. तिथे कागद नाही वापरला, पाणी न झिरपणारं व्हिनाइल वापरलं, कारण लोकांना घरात पाऊस नको होता. फोटो तसाच पडून राहिला तरी छप्पर गळायचं थांबलं. वस्तीतून रेल्वे जाते, तिच्या डब्यांवर डोळे चिकटवले आणि खालच्या उतारावर पत्र्यांवर बाकीचे चेहरे, गाडी तिथे आली की दोन सेकंद चेहरा पूर्ण व्हायचा. आपण लोकलने जाणाऱ्यांनी कल्पना करावी, रुळाकडेच्या वस्त्यांकडे आपण कसे बघतो, खरं तर बघतच नाही.

आणि ब्राझील. रिओमध्ये डोंगरावरची प्रोव्हिदेन्सिया वस्ती. जून २००८ मध्ये लष्कराच्या जवानांनी तिथली तीन पोरं पकडली आणि शत्रू टोळीच्या हवाली केली, त्यांना मारून टाकलं गेलं. त्यानंतर काही आठवड्यांनी जेआर तिथे गेला, ओळख ना पाळख, कुठली संस्था बरोबर नाही, आणि बायकांना विचारलं. डोंगराच्या उतारावरची घरं खालच्या शहरातून दिसतात, त्या घरांवर बायकांचे डोळे लागले. शहर जे बघत नव्हतं ते आता शहराकडे बघायला लागलं. पत्रकारांची आत यायची हिंमत होत नव्हती, हेलिकॉप्टरमधून शूटिंग करत होते, आणि हे काय चाललंय कुणाला माहीत असेल तर फोन करा म्हणून टीव्हीवर नंबर दाखवत होते. जेआर स्वतः बोलायला पुढे झालाच नाही, बायकांना विचारा म्हणाला, आणि त्या बायका बोलल्या. पुढे त्याच वस्तीत पिवळं घर या नावाचं सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं.

पैशाचं, तर तो मोठ्या कंपन्यांची स्पॉन्सरशिप घेत नाही, फोटोंवर लोगो नाही, गॅलरीत प्रिंट विकतो आणि त्यावर पुढचं काम करतो. गॅलरीत विकतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि मला तेही टोचतं, कारण भिंतीवरचा चेहरा फुकट सगळ्यांचा असतो आणि तोच फ्रेममध्ये गेला की एकाच्या हॉलमधला होतो. अजून एक गोष्ट मला खटकते, नाव मोठं झाल्यावर सगळी सरकारं आणि म्युझियमं त्याला बोलवायला लागली, आणि सगळ्यांना आवडतील असे चेहरे लावणं मग सोपं होतं. सगळ्यांना आवडतो तो फोटो कुणाला अडचणीत आणत नाही. त्याची सुरुवातीची कामं मला जास्त जवळची आहेत, बिनपरवानगीची, जिथे कुणीतरी विचारणार होतं की हा इथे का.

पण बदललं काय, याचं उत्तर मी घरावरून देते. आम्ही ज्या चाळीत राहायचो तिच्या मागच्या भिंतीवर वडील जुनी पोस्टरं लावून ठेवायचे, गळतीसाठी. एकदा त्यांनी आईचा लग्नातला फोटो स्टुडिओतून मोठा करून आणला आणि नटनट्यांच्या मधोमध लावला, वर्तमानपत्राच्या पानाएवढाच होता. आई कितीतरी दिवस मागच्या बाजूला जायची नाही, लाजायची. मग जायला लागली. नंतर नंतर पाहुण्यांना दाखवायला न्यायची. काका, छप्पर गळतच होतं. पण ती उभी राहायची ते बदललं, आणि हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

फोटो इतके प्रचंड कशाला लागतात? भावना तर लहान फोटोतही असते. (कोल्हापूर)

असते की. मोठा करतात तो कुणाला दाखवायचाय यावरून. २०१४ मध्ये पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वामध्ये काही कलाकारांनी एका लहान मुलीचा फोटो शेतात जमिनीवर अंथरला, आकाशाकडे तोंड करून. अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात तिच्या घरची माणसं गेलेली. ड्रोन चालवणारे दूर बसून स्क्रीनवर बघतात, त्यांना वरून माणूस ठिपक्याएवढा दिसतो, आणि मेलेल्या माणसाला ते आपसात चिरडलेला किडा म्हणायचे. तर आता स्क्रीनवर ठिपका नाही, पोरीचे डोळे दिसू देत, म्हणून तेवढा मोठा. जेआरचाच जो लोकांनी आपापले फोटो लावायचा प्रकल्प आहे, त्यातून प्रेरणा घेऊन ते केलेलं होतं. आणि मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या ल्विव शहरात शंभरावर माणसांनी मिळून पंचेचाळीस मीटरची ताडपत्री धरली होती, त्यावर व्हालेरिया नावाच्या पाच वर्षांच्या निर्वासित पोरीचा हसरा फोटो, तोही वरून विमानांना दिसावा म्हणून. टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर आला तो.

आपल्याकडे असं काही झालंय का? (ठाणे आणि पणजीहून दोघींनी विचारलंय)

झालंय. जेआर बायकांच्या फोटोंचं काम करत भारतातही आला होता. इथे उघडपणे फोटो चिकटवणं जमेना, तर त्याने शक्कल काढली, पांढरे कागद लावले, ज्यांवर चित्राच्या जागी फक्त चिकट भाग होता. लोक विचारायचे काय करताय, कोरा कागद बघून गोंधळून जायचे. मग रस्त्यावरची धूळ त्या चिकट भागावर बसत गेली आणि दोन चार दिवसांत चेहरा आपोआप उमटला. आपली धूळ कुणाच्या कामी आली असेल तर ती अशी.

आणि मुंबईत २०१७ च्या शेवटी ससून डॉकवर मोठं कला प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा डॉकच्या इमारतीवर कोळ्यांचे आणि तिथे काम करणाऱ्या माणसांचे मोठे काळेपांढरे फोटो लागले होते, लोकांनी आपापले फोटो लावायच्या त्याच प्रकल्पात. १८७५ चा डॉक तो, मुंबईकर तिथे नाकाला रुमाल लावून जातात. मी गेले होते. एक मावशी टोपली खाली ठेवून भिंतीकडे बघत उभ्या होत्या, मी म्हटलं तुमचा आहे का फोटो, तर म्हणाल्या माझा नाही, माझ्या जावेचा आहे, पण माझ्यासारखाच दिसतोय.

ताई, माझी आई विडी कामगार. आमच्या विडी घरकुलमधल्या बायकांचे फोटो काढून एका भिंतीवर मोठे लावायची इच्छा आहे, चौघी मैत्रिणी मिळून करणार. परवानगी कुणाची, खर्च किती, चिकटवायचं कसं, सगळं सांगा. (सोलापूर)

तुझ्या प्रश्नासाठीच मी जागा राखून ठेवली होती.

सगळ्यात आधी परवानगी घ्यायची ती बायकांची, आणि फोटो काढायची वेगळी, भिंतीवर लावायची वेगळी. फोटोला हो म्हणणारी बाई वीस फुटांच्या चेहऱ्याला हो म्हणेलच असं नाही, घरात सासरे आहेत, गावात नातेवाईक आहेत. कुठल्या भिंतीवर, किती मोठा, किती दिवस, हे सांग, जमलं तर मोबाइलवर भिंतीच्या फोटोवर तिचा चेहरा बसवून दाखव. नको म्हणाली तर पुन्हा विचारायचं नाही. मोबाइलने काढणार असाल तर जवळ जाऊन काढा, झूम करू नका, ती तुमच्याकडे बघत असू दे. हात हवे असतील तर हातांचा काढा, विडी वळून वळून बोटांना काय होतं ते तुला मी काय सांगायचं.

मग भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी. खाजगी भिंत असेल तर मालकाची सही, सरकारी किंवा पालिकेची असेल तर अर्ज करून पोच घ्यायची, आणि खाजगी असली तरी रस्त्यावरून दिसत असेल तर पालिकेला विचारलेलं बरं. १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. २०१७ साली मुंबई हायकोर्टाने बेकायदा होर्डिंगवर कडक आदेशही दिलेत. चौकातल्या फ्लेक्सना कोण विचारतं म्हणशील, पण तुम्हा चौघींच्या मागे कुणी साहेब उभा नाही, म्हणून कागद हातात असू दे. आणि काहीही झालं तरी लोखंडी सांगाडा उभारायचा विचार करू नकोस. मे २०२४ मध्ये घाटकोपरला जे होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली, ते चाळीस बाय चाळीसची मर्यादा असताना एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचं होतं. कागद थेट भिंतीला लागतो तो कुणाच्या अंगावर पडत नाही, आणि परवानगी मागताना हेही सांगायचं की गरम पाणी मारून खरवडला की निघतो, भिंतीला रंग नाही, खिळा नाही.

छपाई फ्लेक्सच्या दुकानात करू नकोस. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर लोक नकाशे छापून घेतात ना, त्या दुकानात जा, त्यांच्याकडे छत्तीस इंची रोलवर काळीपांढरी मोठी प्रिंट निघते, साध्या पातळ कागदावर, आणि ती स्वस्त पडते. पातळच हवा, जाड कागद खळ पीत नाही आणि सुटतो. वीस फूट रुंद चित्र म्हणजे २४० इंच. भिंतीवरचा फोटो लोक लांबून बघतात, त्यामुळे इंचाला पंचवीस ठिपके पुरतात, म्हणजे ६,००० पिक्सेल रुंदी. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या फोटोला तेवढी मिळते. मोबाइलच्या ४,००० पिक्सेलमध्येही तीस फुटांवरून छान दिसेल, घाबरू नको. छत्तीस इंची सात उभ्या पट्ट्या कर, एकमेकींवर अर्धा अर्धा इंच चढवायच्या. प्रत्येक पट्टीच्या मागे नंबर आणि वर खाली बाण, हे विसरलीस तर शिडीवर रडू येईल.

खळ माझ्या वडिलांची सांगते. एक भांडं मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, पाच सहा भांडी पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात तो धारेने सोडत ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. कोमट झाल्यावर चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे आणि बुरशी लागत नाही, पण मोरचूद विषारी असतं, हातमोजे घाला आणि ती बादली पोरांपासून, गाईगुरांपासून लांब ठेवा. भिंत चुन्याची असेल तर आधी ब्रशने खरखरून घासा, नाहीतर पोपड्यांसकट कागद खाली येईल. पहिल्यांदा भिंतीला खळ, मग कागद, मग कागदावरून परत खळ, मधून कडेकडे कुंचा फिरवत, हवा बाहेर काढत. पावसाळ्यात नको आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी तर नकोच, खळ लावेपर्यंत वाळते. दिवाळीनंतर, सकाळी लवकर.

सुरुवात मधल्या पट्टीने, नाकाच्या. ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, वरून खाली सोडून ती सरळ आहे का बघा, ती बोटभर वाकडी गेली की दोन्ही डोळे जुळत नाहीत. हे वरून कळत नाही, शिडीवरच्याला फक्त कागद दिसतो. माझ्या वडिलांना खाली रस्त्यापलीकडे उभं राहून सांगणारं माणूस कायम लागायचं, डावीकडे घे, जरा वर, बास. ते काम तुझ्या आईला द्या.